साखरेची माती करणारी वेल

दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी भाच्याचा फोन आला. "मामी, आईच्या पायाची जखम बरी होत नाहीये. दवाखान्यात चल म्हटलं तर ऐकत नाही. तुम्ही या, तुमचंच ऐकेल."

वन्सं माझं ऐकतील हा त्याचा भाबडा समज. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, आजवर त्यांनी माझं एकच ऐकलंय, आणि ते म्हणजे लोणच्यात मोहरी कमी घालायची. पण जायला तर हवंच होतं. ह्यांना रजा मिळेना, धाकटीची परीक्षा तोंडावर. शेवटी घरच्यांसाठी दोन दिवसांच्या पोळ्या करून ठेवल्या आणि मी एकटीच कोल्हापूरच्या स्टँडवर सकाळची सावंतवाडी गाडी धरली.

तुमच्यापैकी ज्यांनी हा रस्ता पाहिला नसेल त्यांनी एकदा तरी दसरा-दिवाळीच्या मध्ये तो पाहावा. आजऱ्यापर्यंत आपली देशावरचीच ओळखीची शेतं. घनसाळ तांदळाचा हा मुलूख, गाडीच्या खिडकीतूनही पोटऱ्यातल्या भाताचा वास येतो. (निदान मला आला. शेजारच्या बाई म्हणाल्या, तो डिझेलचा.) आजरा मागे पडला की झाडी दाट होत जाते, हवा ओली होते, आणि आंबोलीला गाडी थांबते तेव्हा ऑक्टोबरच्या दुपारीही अंगावर पदर घ्यावासा वाटतो. पावसाळ्यातला तो प्रसिद्ध धबधबा एव्हाना बारीक झालेला असतो, पण घाटाच्या भिंतीतून ठिकठिकाणी पाणी झिरपतच असतं. मग गाडी गरगरत खाली उतरते आणि दाणोलीला येईपर्यंत हवा पार बदलते. घाम, माड, लाल माती. वन्संचं गाव दाणोलीपासून आत तीन किलोमीटर.

वन्सं ओटीवर बसल्या होत्या, उजवा पाय पाटावर. अंगठ्याशेजारी चप्पल लागून झालेली जखम, गणपतीतली. म्हणजे महिना उलटून गेला होता. वर हळद लावलेली, पण कडा काळपट पडलेल्या.

"एवढं काही नाही गं वहिनी," त्या म्हणाल्या, "हा उगाच घाबरतो."

संध्याकाळी चहा करायला स्वयंपाकघरात गेले तेव्हा खरा प्रकार कळला. फळीवर एक लाकडी पेला बशीने झाकून ठेवलेला. आत पाणी, कोऱ्या चहाच्या रंगाचं. खिडकीजवळ नेऊन पाहिलं तर कडेने चक्क निळसर झाक मारत होतं. शेजारी काचेच्या बरणीत हिरवट पूड. आणि मागे, चण्याच्या डब्याआड, गोळ्यांची पाकिटं. सगळी भरलेली.

वन्संना मधुमेह होऊन सहा वर्षं झाली. जत्रेत एकाने हा बिबळ्याच्या लाकडाचा पेला विकला, रात्री पाणी भरून ठेवा, सकाळी अनशापोटी प्या, गोळ्या बंद करा म्हणाला. पूड कुणीतरी गाडीत भेटलेल्या बाईंनी दिली, 'गुडमार' म्हणून. गणपतीपूर्वीच वन्संनी गोळ्या थांबवल्या होत्या.

मी रागावले. तेव्हा त्या जे म्हणाल्या ते मात्र मला खोडता येईना. "गोळ्या एकदा सुरू झाल्या की मरेपर्यंत सुटत नाहीत. पाणी मला वाटेल तेव्हा सोडता येतं. शिवाय झाडाचं आहे, ते काय वाईट करणार?"

मैत्रिणींनो, हे वाक्य तुमच्याही घरात कुणीतरी म्हटलं असेल. सासूबाई म्हणाल्या असतील, किंवा तुम्हीच म्हटलं असेल. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, भिजवलेल्या मेथ्या, यातलं एक तरी ज्या घरात झालं नाही असं मधुमेह्याचं घर मला दाखवा! ही सगळी खुळं आहेत असं म्हणून मोकळं होता आलं असतं तर बरं झालं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मला जो अनुभव आला त्यानंतर तसं म्हणवेना.

शेजारच्या काकी सत्तरीच्या पुढच्या, पण काटक. मी गुडमारबद्दल विचारलं तसं मला थेट कुंपणाकडे घेऊन गेल्या. करवंदीच्या जाळीवर एक साधीशी वेल चढली होती. समोरासमोर येणारी, टोकाला निमुळती पानं, किंचित लवदार. देठाशी बारीक पिवळसर फुलांचे झुपके. रस्त्याने जाताना दहादा दिसली तरी नजर थांबणार नाही. मराठीत हिला कुठे कावळी म्हणतात, कुठे बेडकीचा पाला. हिची फळं जोडीने येतात, शिंगांसारखी, म्हणून संस्कृतात मेषशृंगी. आणि इथेच एक गोम आहे. आपल्याकडे मेडशिंगी नावाचं एक झाडही आहे, उंच, पांढऱ्या फुलांचं, लांब वाकड्या शेंगांचं. त्याचा हिच्याशी काडीचा संबंध नाही. तेव्हा बाजारात नुसत्या नावावर पुडी मागितली तर आत काय येईल ते देणाराच जाणे.

काकींनी दोन पानं तोडली, पदराला पुसली. "चावन खा. मगे साखर खावन बघ."

मी चावली. कडवट, हिरवी चव. दोन मिनिटं तोंडात घोळवून थुंकली, चूळ भरली. काकींनी तळहातावर चमचाभर साखर दिली. तोंडात टाकली आणि दचकलेच. वाळू! अगदी नदीची बारीक, धुतलेली वाळू. गोडी म्हणून नाही. गुळाचा खडा चघळला तर ओल्या मातीचं ढेकूळ. काकी पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्यांनी गोड चहा दिला, तो नुसतं गरम पाणी. मिठाची चव मात्र होती, चिंचेचीही होती. गेली होती ती फक्त गोडी. अर्ध्या-पाऊण तासाने ती हळूहळू परत आली.

"म्हणजे साखर कमी होते ती खरीच," मी म्हटलं.

काकी म्हणाल्या, "ह्यो पालो तोंडाक फसयता. रगताक फसयता काय, ता माका काय ठावूक?"

काकींच्या या प्रश्नावर दीडशेहून अधिक वर्षं मोठमोठ्या माणसांनी डोकं चालवलं आहे. या पानाने चहा गोड लागत नाही ही एजवर्थ नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याची नोंद १८४७ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीपर्यंत पोचली होती. १८८७ मध्ये उटकमंडला डेव्हिड हूपरने पानातून तो पदार्थ वेगळा काढला, त्याला जिम्नेमिक आम्ल म्हणतात. जिभेवर गोडीच्या ज्या खाचा असतात त्यांना हे जाऊन चिकटतं, मग साखरेची गोडी कळतच नाही. इथवर तोंडाचं झालं. रक्ताचं काय, हे पाहिलं आपल्याच मुंबईत. हाफकिन संस्थेतले म्हसकर आणि कायस यांनी १९३० मध्ये या वेलीवर निबंध प्रसिद्ध केला. पाल्याने जनावरांच्या रक्तातली साखर उतरते, आणि ती बहुधा स्वादुपिंडाला चेतवून, इन्शुलिन जास्त सोडायला लावून उतरत असावी, असं त्यांनी मांडलं. इन्शुलिनचा शोध १९२१ चा. म्हणजे त्यानंतर नऊ वर्षांतच मराठी आडनावाचा माणूस कुंपणावरच्या वेलीला हा प्रश्न विचारत होता. मला तर वाचताना अभिमान वाटला.

आता हे इन्शुलिन सोडणं म्हणजे काय, ते जरा स्वयंपाकघराच्या भाषेत सांगते. स्वादुपिंडात बारीक बारीक पेशी असतात, त्या म्हणजे इन्शुलिनची कोठीघरं. जेवल्यावर रक्तात साखर वाढली की ती या पेशींत शिरते, तिथे तिचं इंधन होतं. इंधन वाढलं की पेशीचं एक दार बंद होतं, त्यातून पोटॅशियम बाहेर जायचं थांबतं. ते थांबलं की दुसरं दार उघडतं, त्यातून कॅल्शियम आत येतं, आणि मग कोठीत भरून ठेवलेलं इन्शुलिन बाहेर ओतलं जातं. साखर उतरली की पुन्हा सगळं बंद. मधुमेहावरच्या काही गोळ्या, ग्लिमेपिराइड वगैरे, ते पहिलं दार स्वतःच बंद करतात, म्हणजे साखरेची वाट न पाहता कोठी उघडतात. म्हणून तर त्या घेऊन जेवण चुकलं की घाम फुटतो, हातपाय थरथरतात. अशा गोळीवर आणखी कोठी उघडणारा पाला घेतला तर काय होईल, तुम्हीच विचार करा.

मग हा पाला कोठी उघडतो तरी कसा? १९९९ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजात हे पाहिलं गेलं. पाल्याचा अर्क स्वादुपिंडाच्या पेशींवर घातला, इन्शुलिन भरभरून बाहेर आलं. पण नीट पाहिलं तर पेशीची भिंतच गळकी झाली होती! नळ सोडणं वेगळं आणि माठाला भोक पाडणं वेगळं. पाणी दोन्हीकडून मिळतं. पुढे त्याच मंडळींनी वेगळ्या पद्धतीने काढलेला अर्क तपासला, तो भिंत न फोडता इन्शुलिन सोडवत होता. म्हणजे वेल तीच, पण अर्क कसा काढला, किती घेतला, यावर गुण की अवगुण ते ठरतं. बरणीतल्या पुडीवर यातलं काहीच लिहिलेलं नसतं.

माणसांवरचं सांगायचं तर मद्रास विद्यापीठातलं काम १९९० मध्ये छापून आलं. २२ मधुमेह्यांना त्यांच्या नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीला रोज ४०० मिलिग्रॅम अर्क दिला, अठरा ते वीस महिने. साखर बरीच उतरली, आणि पाच जणांच्या गोळ्या थांबवता आल्या. पाच ही काही थोडकी गोष्ट नव्हे. पण २२ म्हणजे एका लग्नातली एक पंगतही नव्हे, आणि गोळ्या थांबवल्या त्या तपासण्या करत करत, पहिल्या दिवशी नाही.

बिबळ्याचंही असंच. आपलं हे झाड देखणं. पिवळ्या फुलांचे घोस, पापडासारखी गोल पंख असलेली फळं, खोडाला खाच पडली की रक्तासारखा लाल डिंक. झाडात एपिकॅटेचिन, टेरोस्टिल्बीन असे पदार्थ असतात. १९८० च्या सुमारास एपिकॅटेचिनने उंदरांच्या स्वादुपिंडातल्या मेलेल्या पेशी पुन्हा उगवतात असं एका भारतीय प्रयोगात दिसलं, तेव्हा जगभर खळबळ उडाली. दुसऱ्यांनी तेच करून पाहिलं तेव्हा मात्र तसं आढळलं नाही. १९९८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नव्याने मधुमेह कळलेल्या ९७ जणांना बिबळ्याचा, म्हणजे विजयसाराचा, अर्क रोज दोन ते चार ग्रॅम दिला. बारा आठवड्यांत ६७ जणांची साखर आटोक्यात आली. नव्याने कळलेल्यांची, हे लक्षात घ्या. ज्यांच्या कोठीघरात अजून माल शिल्लक आहे त्यांची. आणि तोलून दिलेला अर्क तो. आमच्या वन्संच्या पेल्यातून रोज किती उतरत होतं? पहिल्या आठवड्यात पाणी गडद, महिन्याने फिकट. त्या मात्र रोज तेवढ्याच श्रद्धेने प्यायच्या.

दुपारी जेवताना मी हे सगळं त्यांना माझ्या परीने सांगितलं. उकड्या तांदळाचा भात, कुळथाची पिठी, कारल्याची भाजी. कारल्यात लिंबाएवढा गूळ! आणि त्याआधी मीठ लावून पिळून त्याचा कडू रस ओतून दिलेला. मी म्हटलं, "वन्सं, औषध मोरीत आणि गूळ पोटात." त्या हसल्या. तेवढ्यात भाच्याने गाडी सांगितली.

सावंतवाडी तिथून जवळच. मोती तलावाच्या काठाने रिक्षा जाते तेव्हा समोर राजवाडा, पाण्यात त्याचं प्रतिबिंब, वाटतं इथेच बसून राहावं. वन्सं मात्र पदराआड कुठलंसं स्तोत्र पुटपुटत होत्या. डॉक्टर तरुण होते, इकडचेच. त्यांनी पाय पाहिला, पायाखाली बारीक दोरा टेकवून "कळतं का?" विचारलं. दोन ठिकाणी वन्संना कळलं नाही. तिथे माझ्या पोटात गोळा आला. उपाशीपोटी साखर हवी होती, म्हणून रात्री भाच्याच्या मित्राकडे राहून सकाळी रक्त दिलं. २८६. तीन महिन्यांची सरासरी ११ च्या वर.

डॉक्टर म्हणाले, "इन्शुलिन सुरू करू या, जखम भरेपर्यंत तरी."

वन्सं रडायलाच लागल्या. त्यांच्या लेखी इन्शुलिन म्हणजे शेवट. डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. साखर इतकी चढली की त्या कोठीघराच्या पेशीच गळाठतात, त्यांना थोडे दिवस विश्रांती दिली तर पुष्कळदा पुन्हा कामाला लागतात, मग सुई बंद होऊन गोळ्यांवर येता येतं, असं त्यांनी शांतपणे समजावलं. गोळ्या का सोडल्या म्हणून ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "आजी, आणखी काय काय घेता?" वन्संनी पिशवीतून बरणी काढली. त्यांनी हुंगली, बाजूला ठेवली. अशा पुड्यांत कधी कधी चक्क गोळ्याच कुटून घातलेल्या असतात म्हणाले. हे मी नंतर वाचलं, खरं आहे. हाँगकाँगमध्ये 'निव्वळ वनस्पती' म्हणून विकलेल्या मधुमेहाच्या औषधांत ग्लिबेनक्लामाइड ही गोळी सापडली आहे, माणसं बेशुद्ध होऊन दवाखान्यात आल्यावर.

"मग हे झाडपाल्याचं सगळं खोटंच म्हणायचं का हो?" वन्संनी विचारलं. त्यांच्या आवाजात हरल्याचं दुःख होतं.

"खोटं कसं?" डॉक्टर म्हणाले. "तुम्ही सोडलेली ती पांढरी गोळी, मेटफॉर्मिन, ती झाडावरूनच आलीय."

युरोपात गॅलेगा नावाचं जांभळट फुलांचं एक रोप असतं. जुन्या काळी तिकडच्या बायका, आपल्या काकींसारख्याच, फार लघवी होणाऱ्या माणसाला ते देत. त्यात ग्वानिडीन जातीचा पदार्थ असतो. साखर उतरवतो खरा, पण नुसताच घ्यावा तर विषारी. ते रोप खाऊन मेंढ्या मेल्याच्या नोंदी आहेत. रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्यासारखे पदार्थ बनवले, त्यातला सौम्य निवडला, आणि १९५७ मध्ये पॅरिसच्या ज्याँ स्टेर्न यांनी तो माणसांना देऊन पाहिला. तेच मेटफॉर्मिन. ते कोठीघराला हातही लावत नाही, यकृतातून रक्तात सुटणारी साखर आवरतं.

वन्सं बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ही त्यांच्याकडची बेडकीच." डॉक्टर मनापासून हसले.

मेथी-कारलं सोडू नका, उलट खा, असंही त्यांनी सांगितलं. मेथीत एक अमिनो आम्ल असतं, फ्रान्समध्ये मॉन्पेलिएला त्यावर काम झालं आहे. ते साखर चढलेली असेल तेव्हाच इन्शुलिन सोडवतं, हा त्याचा शहाणपणा. शिवाय मेथीचा तो बुळबुळीत चोथा आतड्यात साखर हळूहळू शोषू देतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात रोज १०० ग्रॅम मेथीपूड दिली होती, लघवीतली साखर निम्म्याहून कमी झाली. १०० ग्रॅम म्हणजे वाटीच्या हिशेबाने मोजून बघा. आपण चमचाभर दाणे भिजवून गिळतो आणि गोळी चुकवतो! खा, पण गोळी आणि सुई जागच्या जागी. आणि काय खाता ते डॉक्टरांना सांगा, म्हणजे डोस त्याप्रमाणे ठरवता येतो.

परतताना चितारआळीतून गेलो. लाखेच्या रंगातली लाकडी फळं टोपल्यांतून मांडली होती. आंबे, केळी, सीताफळं, हुबेहूब. वन्संनी एक टोपली घेतली, साडेतीनशेला सांगितलेली दोनशे ऐंशीला पाडून. "एवढीच फळं आता माझ्या वाट्याला," म्हणाल्या. मी सांगितलं की पेरू आणि थोडी पपई चालते, तर तोंड वाकडं केलं. पेरू त्यांना कधीच आवडला नाही.

मी आणखी चार दिवस राहिले. सुई टोचायची पहिल्या दिवशी मीच, दुसऱ्या दिवशी भाच्याने, तिसऱ्या दिवशी वन्संनी स्वतः, डोळे मिटून. जखमेची पट्टी रोज बदलायची, अनवाणी अंगणात जायचं नाही, हे सगळ्यात अवघड गेलं. तुळशीला चप्पल घालून पाणी कसं घालायचं? शेवटी अंगणातल्यासाठी वेगळी, धुतलेली रबरी चप्पल ठेवली आणि देवाला त्याचं काही वाटणार नाही असं दोघींनी मिळून ठरवलं.

निघायच्या सकाळी भाच्याने पिशवी गाडीला अडकवली. काकी कुंपणापाशी उभ्या होत्या, त्यांनी बेडकीची पाच-सहा पानं केळीच्या पानात बांधून दिली. "पोरांका दी, मजा येतली." स्वयंपाकघरात निरोप घ्यायला गेले तर फळीवरचा पेला रिकामा होता. वन्संनी तो उन्हात वाळवून त्यात चमचे उभे केले होते, आणि शेजारी, चण्याच्या डब्याच्या पुढे, गोळ्यांची पाकिटं. एकातल्या चार गोळ्या संपलेल्या.